दाराकडे तोंड केलेली खुर्ची

थोरलीकडे विषय नव्हता असं कुणी म्हणू नये. तिच्याकडे अकरा विषय होते, आणि तेच तर दुखणं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कॉलेजात एका ओळीचा अर्ज द्यायचा होता: संशोधन निबंधाचा विषय. त्या एका ओळीपायी थोरलीबाईंनी तीन महिने डोक्याचा भुगा करून घेतला होता. शुक्रवार चुकला तर वर्ष गेलं, असं मार्गदर्शक मॅडमनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

बरं, क्षेत्र ठरलेलं होतं. गुन्हा शाबीत झाला तरी माणसाला तुरुंगात न घालता समाजातच ठेवायचं. त्यानं आपल्या घरी राहायचं, कामावर जायचं, ठरल्या दिवशी ऑफिसरसमोर हजर व्हायचं, रविवारी सार्वजनिक बागेत नाहीतर वाचनालयात फुकट राबायचं, आणि सांगितलेल्या वेळेच्या आत घरी परतायचं. याला पुस्तकांत मोठं भारदस्त नाव आहे. थोरली घरी त्याला नुसतं ‘बाहेरची शिक्षा’ म्हणायची. पण या बाहेरच्या शिक्षेतलं नेमकं काय घ्यायचं? ऑफिसरांवर पडणारा कामाचा बोजा? नोकरी मिळण्यातल्या अडचणी? बायकांचं प्रमाण? पायात ठावठिकाणा सांगणारं यंत्र अडकवण्याचे फायदे-तोटे? मॅडमकडे जावं तर त्या चष्मा वर करून म्हणायच्या, हा फार मोठा. पुढच्या आठवड्यात, हा फार लहान. त्याच्या पुढच्या आठवड्यात, हा बरा आहे, पण गेल्या वर्षी तिघांनी केला.

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” आई म्हणाली. आई शाळेच्या कपड्यांना काजं-बटणं करायची, त्यामुळे चिंध्यांबद्दल तिचा शब्द घरात शेवटचा असायचा.

आता खरं सांगायचं तर काखेत कळसा आणि गावाला वळसा, असला हा प्रकार होता. कारण बाहेरची शिक्षा भोगणारा माणूस थोरलीच्या घरातच राहत होता. तो तिचा धाकटा भाऊ. फ्रिजदुरुस्तीच्या एका कारखान्यात असताना एका मित्राच्या नादी लागून त्यानं जुन्या फ्रिजांतल्या तांब्याच्या नळ्या परस्पर विकल्या होत्या. पहिलाच गुन्हा, वय कोवळं, कबुली दिलेली; म्हणून कोर्टानं दोन वर्षांची शिक्षा घरी राहून भोगायला दिली. अट अशी, की रोज संध्याकाळी साडेसातच्या आत निवासस्थानी. तीनदा उशीर झाला की ऑफिसरनं कोर्टाला कळवायचं, आणि कोर्टानं ठरवलं तर उरलेले सतरा महिने आत. यातलं काहीही थोरलीनं मॅडमना सांगितलं नव्हतं. तिला लाज वाटत होती. विषय म्हणून तो तिला आवडायचा, भाऊ म्हणून तिला त्याचा राग यायचा, आणि दोन्ही एकाच वेळी कसं करायचं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

तरी तिनं एक केलंच. विषय क्रमांक सात होता ‘देखरेखीत कुटुंबाचा सहभाग’. तो सुचला त्या दिवशी तिनं एक चौकटीची वही आणली आणि बाहेरच्या खोलीतली आपली खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून ठेवली. धाकटा दारातून आत आला की वेळ लिहायची. पुढे मूड कसा, जेवला किती, बोलला किती वाक्यं. मंगळवारी आणि गुरुवारी तिला संध्याकाळचा तास असायचा, तेव्हा आईला विचारून भरायची. वहीत त्याचं नाव नव्हतं. संशोधनात नाव गुप्त ठेवतात, म्हणून तिनं लिहिलं होतं, ‘व्यक्ती क्र. १’. सात आठवडे ही वही चालली. धाकट्याला पत्ता नव्हता. आईला वाटायचं पोर अभ्यास करतेय, आणि पोर खरंच अभ्यास करत होती, हीच तर पंचाईत.

महिन्यातल्या तिसऱ्या बुधवारी ऑफिसरसाहेब घरभेटीला यायचे. रिटायरमेंटला आलेला, दमलेला, सभ्य माणूस. चहा घ्यायचे, बिस्किटाला नको म्हणायचे आणि मग एक घ्यायचे. या बुधवारी चारला आले तेव्हा धाकटा कामावर होता.

“वेळेत येतो?” त्यांनी आईला विचारलं.

“येतो हो,” आई म्हणाली. तिनं सुईवरची नजर वर केली नाही.

साहेबांनी फॉर्मवर खूण केली आणि सहज, बोलायला काहीतरी हवं म्हणून, थोरलीकडे वळले. “तुम्ही आमच्याच विषयाचा अभ्यास करताय म्हणे. काय घेतलंय?”

झालं. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला ‘फार मोठा’ किंवा ‘फार लहान’ न म्हणता नुसतं विचारलं होतं, आणि तेही या कामात हयात घालवलेला माणूस. थोरली हुरळली. हुरळलेल्या माणसाची अक्कल कुठे जाते देव जाणे. ती आत गेली आणि वही घेऊन आली.

“अजून पक्कं नाही, पण थोडी निरीक्षणं केलीत,” ती म्हणाली, आणि उभ्यानं वाचायला लागली. “सोमवार, सात बेचाळीस. बुधवार, सात एक्कावन्न. शुक्रवार, आठ पाच. मंगळवार-गुरुवार मात्र सात वीसच्या आत. गंमत म्हणजे हा नमुना सातही आठवडे टिकून आहे. कारण अस्पष्ट.”

आईची सुई थांबली.

“ही कुणाची निरीक्षणं?” साहेबांनी विचारलं.

“व्यक्ती क्रमांक एक,” थोरली म्हणाली. “नाव गुप्त ठेवलंय.”

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. आई, शिलाईची टोपली, दाराकडे तोंड केलेली खुर्ची, खुंटीवर धाकट्याचा शर्ट. “घरात आणखी कुणी आहे का असं?” त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि तेव्हा कुठे थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली मुलगी, नियम पाठ असलेली, असं कसं करील? अहो, शिकलेली होती म्हणूनच केलं. आईनं नसतं केलं. थोरलीच्या डोक्यात वही म्हणजे निबंध होता आणि धाकटा म्हणजे क्रमांक. क्रमांकाला तुरुंगात नेत नाहीत.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “उशीर किती वेळा?”

“एकवीस,” ती म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

“बाई, हे मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. पण ऐकलं.” ते उठले. “माझ्या अंगावर नव्वद माणसं आहेत. एकासाठी डोळे मिटले तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? शुक्रवारी अकराला त्याला घेऊन या. पटेल असं कारण द्या. नाहीतर दुपारच्या टपालात मला कोर्टाला कागद पाठवावा लागेल.” बिस्किट त्यांनी तसंच बशीत ठेवलं.

ते गेल्यावर आईनं सुई पुन्हा कापडात खुपसली. मग म्हणाली, “आपलं घड्याळ पुढे आहे म्हणावं.”

“ते मागे आहे, आई.”

“मग ते सांगू नकोस.”

त्या दिवशी धाकटा सात सव्वीसला आला. नेमका त्या दिवशी वेळेत. थोरली खुर्चीत नव्हती, स्वयंपाकघरात भांडी पुसत उभी होती. पुसलेलीच पुन्हा पुसत होती. आईनं त्याच्या पुढ्यात वही टाकली. त्यानं पानं उलटली. तो ओरडेल असं थोरलीला वाटलं होतं, ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो पहिल्यांदा हसला. “‘आज सहा वाक्यं बोलला, त्यातली दोन मिठाबद्दल’. हे बरंय.” मग हसणं विरलं आणि तो वाचत राहिला.

“कुठे असायचास रे?” आईनं विचारलं. “त्या नळ्यावाल्याकडे?”

“नाही.”

“मग?”

“इथेच.”

“इथे म्हणजे कुठे?”

त्यानं वही मिटली. “जिन्यात.”

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे जिना वळतो, तिथे विजेचे मीटर आहेत आणि एक खिडकी आहे. ती खिडकी इमारतीच्या मधल्या मोकळ्या जागेवर उघडते, आणि समोर, तिरपी, त्यांच्याच बाहेरच्या खोलीची खिडकी दिसते. धाकटा सव्वासातला यायचा, त्या खिडकीतून बघायचा. ताई खुर्चीत असली की पायरीवर बसून राहायचा. ती आईला मदत करायला आत गेली की वर यायचा. मंगळवारी आणि गुरुवारी ताई घरी नसायची, त्या दिवशी सरळ वर.

कारण अस्पष्ट, असं तिनं लिहिलं होतं.

“पण का?” थोरलीनं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“जजसाहेबांनी मला एकदा बघितलं,” धाकटा म्हणाला. “ऑफिसरसाहेब महिन्यातून एकदा बघतात. तू रोज बघायचीस, ताई. मला वाटायचं रागानं बघतेस. लिहून घेतेस हे माहीत नव्हतं.” आणि तो हातपाय धुवायला गेला.

गुरुवार कसा गेला ते थोरलीला पुढे आठवलं नाही. सकाळी तिला वाटलं, सरळ सांगावं. दुपारी वाटलं, सांगितलं तर उलट अंगाशी येईल: घरी जाववत नाही म्हणणाऱ्या मुलाला घरी राहण्याची शिक्षा कोण देईल? शिवाय कागदावर लिहिलंय ‘निवासस्थानी’. जिना हे निवासस्थान आहे की नाही? तिनं जवळची तिन्ही पुस्तकं उघडली. बाहेरच्या शिक्षेचा उगम, इतिहास, उद्दिष्टं, सगळं होतं, जिना नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे अकरा विषयांची यादी फडफडतेय. शेवटी ती खाली इस्त्रीवाल्याकडे गेली. त्याचं टेबल तळमजल्यावर जिन्याखालीच असायचं. तिनं विचारलं, त्यानं ऐकलं, आणि एका जुन्या यादीच्या पाठीवर लिहून दिलं: ‘मुलगा सव्वासातला येतो. वर जाऊन मीटरपाशी बसतो, कपडे पोचवताना बघितलंय. जाताना कधी माझ्या चादरीची दोन टोकं धरतो. चांगली धरतो.’ खाली सही.

“एवढे दिवस मला बोलला नाहीत?” थोरली म्हणाली.

“तुम्ही विचारलं नाहीत,” इस्त्रीवाला म्हणाला.

शुक्रवारी अकराला दोघं साहेबांच्या ऑफिसात बाकावर बसली. बाकावर आणखी पाच-सहा जण होते. दोरीला बांधलेल्या पेननं एकेक जण रजिस्टरात सही करून जात होता. सही करताना प्रत्येकाची मान सारखीच खाली जायची. थोरलीनं पूर्वी दोनदा इथे येऊन याच लोकांची मोजदाद केली होती. आज तिला वर बघवत नव्हतं.

थोरलीनं वही आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. “म्हणजे इमारतीत होता. घरात नव्हता.” त्यांनी फायलीतून कोर्टाचा हुकूम काढला. “‘निवासस्थानी’. आता जिना निवासस्थान आहे का?”

शेजारच्या टेबलावरच्या हेडक्लार्कनं मान वर न करता विचारलं, “जिना झाडतं कोण?”

“आम्हीच,” थोरली म्हणाली. “आमच्या मजल्यापासून मीटरपर्यंत.”

“मग तुमचाच.”

“असं मला लिहिता येत नाही हो,” साहेब वैतागले.

“मग लिहू नका. मी आपलं व्यवहारातलं सांगितलं.”

साहेब धाकट्याकडे वळले. “ते सोड. तू मला एक सांग. दोन जिने चढलास, तिसरा का नाही चढलास? घर समोर दिसतंय, दिवा लागलाय, आणि तू पायरीवर. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय कोण असं बसतं? मला हे कारण लागेल, नाहीतर दुपारचं टपाल आहेच.”

धाकटा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. “असंच,” तो म्हणाला.

“असंच हे कारण नाही.”

“दमलेलो असतो. टेकतो.”

“अर्धा-पाऊण तास? सोमवार, बुधवार, शुक्रवार?”

धाकट्यानं पुन्हा मान खाली घातली. आणि थोरलीला कळलं, की हा सतरा महिने आत जाईल पण ताईचं नाव घेणार नाही. तिला इतकी लाज वाटली की क्षणभर पळून जावंसं वाटलं.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली. “वहीतल्या वेळा खऱ्या आहेत, पण त्या त्याच्या येण्याच्या नाहीत, दार उघडण्याच्या आहेत. मी दाराकडे तोंड करून बसायचे. तो मला टाळायचा. मी घरी नसले की तो वेळेत आत असायचा, हेही त्याच वहीत आहे. मी ते सात आठवडे लिहीत होते आणि मला दिसलं नाही. लपवायचं त्याला नव्हतं. लपून मी बसले होते.”

साहेबांनी फाईल पुन्हा जवळ ओढली. मग तिच्यातलं शेवटचं पान काढून त्यांनी त्यावर बोट ठेवलं. “इथे एक रकाना आहे. ‘कुटुंबाचे सहकार्य’. मी त्यात ‘चांगले’ लिहितो. नव्वदच्या नव्वद फायलींत ‘चांगले’. सहकार्य म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.” त्यांनी पेन उघडलं, थांबले, पुन्हा टेकवलं. शेवटी सावकाश लिहिलं, ‘साडेसातपूर्वी इमारतीत उपस्थित. शेजाऱ्याची लेखी साक्ष जोडली आहे. घरातील देखरेख प्रमाणाबाहेर. समज दिली.’

“कुणाला समज दिली?” धाकट्यानं विचारलं.

“तुझ्या बहिणीला,” साहेब म्हणाले. “आणि तू यापुढे सरळ वर जा. एकदा मी निभावलं, दुसऱ्यांदा कोर्ट निभावणार नाही.” वही त्यांनी थोरलीकडे सरकवली. “ही घरी न्या. माझ्या कपाटात राहिली तर उद्या माझ्या जागी येणारा वाचेल.”

बाहेर पडल्यावर दोघं कोपऱ्यापर्यंत चालली. धाकट्याला अर्ध्या दिवसाची रजा होती, कामावर परत जायचं होतं.

“तुझ्यावर लिहू का?” थोरलीनं विचारलं. आपण हे पहिल्यांदाच विचारतोय, हे विचारल्यावर तिच्या लक्षात आलं.

“नाही.”

“बरं.”

तो दोन पावलं गेला आणि वळला. “तुझ्यावर लिही की. तू काय कमी नमुना आहेस?”

साडेचारला ती मॅडमसमोर बसली आणि अर्ज पुढे केला. मॅडमनी चष्मा वर करून वाचलं: ‘बाहेरची शिक्षा भोगणाऱ्याच्या घरातली माणसं आणि त्यांनी आपणहून घेतलेलं पहारेकऱ्याचं काम’. त्या ‘फार मोठा’ म्हणाल्या नाहीत, ‘फार लहान’ही म्हणाल्या नाहीत. “नमुना किती?”

“सध्या एक,” थोरली म्हणाली. “मीच.” आणि तिनं जे तीन महिने सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. सांगताना दोनदा ती चुकली, दोनदा मागे जाऊन पुन्हा सुरू केलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. “एकीवर निबंध होत नाही,” त्या म्हणाल्या. “आणखी नऊ घरं शोध. आणि यावेळी संमतीपत्रं आधी घे.” मग त्यांनी सही केली.

विषय मिळाला. थोरलीला आनंद व्हायला हवा होता. तो काही केल्या होईना. नऊ घरं शोधायची म्हणजे नऊ दारांसमोर नऊ खुर्च्या बघायच्या, आणि त्या बघणारी पुन्हा हीच. हे बघणं आणि ते बघणं यात फरक काय, हे तिला अजून सांगता आलं नसतं. सातच्या सुमारास ती इमारतीपाशी आली, इस्त्रीवाल्याला मान हलवून जिना चढली, आणि मीटरपाशी आल्यावर तिचे पाय थांबले. ती पायरीवर बसली.

खिडकीतून समोर बाहेरची खोली दिसत होती. दिवा लागलेला होता. टेबल, टेबलावर अकरा विषयांचे कागद, आणि खुर्ची; ती अजून तशीच, दाराकडे तोंड करून. इथून ती खुर्ची केवढी मोठी दिसते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं सात आठवड्यांत कधी जिन्यातून आपल्याकडे बघितलं नव्हतं.

सव्वासातला धाकटा आला. तिला तिथे बघून दचकला, मग एक पायरी खाली टेकला.

“माझ्या जागेवर बसलीस,” तो म्हणाला.

“थोडी सरकते.”

“साहेबांनी सरळ वर जा म्हणून सांगितलंय.”

“जाऊ या. एक मिनिट थांब.”

समोरच्या खोलीत आई आली. तिनं घड्याळाकडे बघितलं, ओल्या हातांनी पदर सारखा केला, आणि त्या खुर्चीत बसली. बसली ती दाराकडे बघतच राहिली. पापणी हलवेना.

थोरलीही असंच बसत होती. हे असंच दिसत होतं.

“चल,” धाकटा उठला. “आई वाट बघतेय.”

“वाट बघतेय की पहारा देतेय?” थोरली म्हणाली. “इथून तुला काय कळतं?”

त्यानं वाकून पुन्हा एकदा खिडकीतून बघितलं. “कळतं की,” तो म्हणाला. “तिच्या हातात पेन नाही.”